हाड मोडल्यावर कुठे घाई करायची, कुठे थांबायचं

पावसाळ्यात हाड मोडण्यासाठी फार मोठा अपघात लागत नाही. शेवाळ धरलेली अंगणातली पायरी, मोरीच्या तोंडाशी सरकलेलं पायपुसणं, पनवेल स्टेशनच्या पुलाचा ओला जिना, पाण्यानं भरल्यामुळे न दिसलेला खड्डा आणि त्यात अडकलेलं स्कूटरचं पुढचं चाक. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत कोसळतो. या चार महिन्यांत घरातलं कोणी ना कोणी घसरतं. बहुतेक वेळा मुका मार लागून निभावतं. एखाद्या वेळी मात्र पडताना टेकलेल्या हाताचं मनगट वाकडं दिसतं, किंवा आजींना उठवायला गेलं की त्या किंचाळतात, आणि दोन तासांनी कोणीतरी डॉक्टर एक्स-रे उजेडावर धरून म्हणतो, "ऑपरेशन करावं लागेल."

त्या वाक्यानंतर घरात जे सुरू होतं, त्यासाठी हा लेख आहे. अशा वेळी बहुतेक घरांत घाई आणि उशीर यांची अदलाबदल होते असं मला वाटतं. बोटं गार पडत असताना "सकाळी बघू" म्हटलं जातं. आणि ज्या मनगटाच्या ऑपरेशनला आठवडाभर थांबता आलं असतं, त्याच्या कागदांवर घाबरून रात्री अकरा वाजता सह्या होतात. कोणत्या मोडीला वेळ आहे आणि कोणत्या मोडीला नाही, एवढं कळलं तरी अर्धी भीती जाते आणि पुष्कळ पैसे वाचतात.

पहिला तास

आधी दागिने काढा. मनगट मोडलं असेल तर बांगड्या, पाटल्या, घड्याळ, अंगठ्या, आणि पाय मोडला असेल तर जोडवी आणि पैंजण. सूज तासाभरात वाढते आणि मग अंगठी निघत नाही, ती बोटाचा रक्तपुरवठाच आवळते. साबणाचं पाणी लावून निघाली तर ठीक, नाहीतर रुग्णालयात ती कापून घ्यायची. सोन्याची असली तरी. हिरव्या बांगड्याही हातात ठेवायच्या नाहीत, हे म्हाताऱ्या बायकांना हळुवारपणे पण ठामपणे सांगावं लागतं.

मग हाड हलणार नाही अशी सोय करा. चार-पाच वर्तमानपत्रं एकत्र घडी घालून किंवा खोक्याचा जाड पुठ्ठा घेऊन तो मोडलेल्या भागाखाली ठेवा, ओढणीनं सैलसर बांधा आणि हात गळ्यात झोळी करून अडकवा. मोडीच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे हलता कामा नयेत. वाकडं दिसतंय म्हणून ओढून सरळ करायचा प्रयत्न करू नका. तेल लावून चोळू तर अजिबात नका. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं चालतो, थेट कातडीवर नको.

आणि चहा देऊ नका. माणूस पडला की आपल्याकडे पहिलं काम शेजारच्या काकू करतात ते आल्याचा चहा करण्याचं, त्यामागे मायाच असते. पण भूल देण्याआधी साधारण सहा तास पोटात अन्न आणि दूध नसावं लागतं, साधं पाणीसुद्धा दोन तास आधी थांबतं. हाड तातडीनं बसवायची वेळ आली तर तो एक कप चहा काही तासांचा उशीर करू शकतो.

आता ज्या गोष्टींना वेळच नाही, त्या. मोडीच्या जागी जखम असेल, मग ती बारीक टोचल्यासारखी का असेना, तर हाड उघडं पडलं असं समजा. स्वच्छ कापड ठेवा, हळद किंवा कॉफीची पूड भरू नका, बाहेर आलेलं हाड आत ढकलू नका आणि तडक निघा. अशा जखमेत प्रतिजैविकाची पहिली सुई जितकी लवकर बसेल तितका हाडात पू होण्याचा धोका कमी. धनुर्वाताचं इंजेक्शनही तिथेच घ्यायचं. बोटं पांढरी, निळी किंवा गार पडली, मुंग्या येऊन बधिर झाली, तर तेही तासांचं काम आहे. सांधा निखळला असेल तर तोही लवकर बसवावा लागतो. डोक्याला मार लागला असेल आणि माणूस रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेत असेल, तर हाडाआधी डोकं तपासून घ्या.

म्हातारं माणूस पडलं, उठता येत नाही, एक पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय, तर खुबा मोडला असं धरून चाला. त्यांना दोघांनी काखेत धरून चालवत नेऊ नका. १०८ ला फोन करा, रुग्णवाहिका येईपर्यंत आहे तिथेच उशी देऊन झोपवा, अंगावर पांघरूण घाला. एक फसवा प्रकारही आहे. कधी कधी खुब्याची हाडं एकमेकांत रुतून बसतात आणि माणूस लंगडत का होईना चालतो, फक्त जांघेत दुखतं म्हणतो. पहिल्या एक्स-रेत तडा दिसतही नाही. पडल्यानंतर जांघेतलं दुखणं चालताना टिकून राहिलं तर पुन्हा दाखवा, एमआरआय किंवा सीटी स्कॅन लागेल का ते विचारा.

हाडवैद्याकडे आधी जावं का, हा प्रश्न आजही पनवेल तालुक्यातल्या अनेक घरांत निघतो, आणि त्याला हसून उत्तर देणं मला योग्य वाटत नाही. जागेवरून न सरकलेलं हाड आधार दिला की आपलं आपण जुळतं, म्हणून त्यांच्याकडे बरे झालेले लोक खरोखरच बरे झालेले असतात. अडचण दोन ठिकाणी येते. एक्स-रे नसल्यानं हाड सरकलंय की नाही हे कळत नाही. आणि बांबूच्या कामट्या लावून आवळलेली पट्टी सुजेला जागा देत नाही. आतल्या स्नायूंवर दाब वाढत जातो, रक्त पोचत नाही आणि काही तासांत स्नायू मरू लागतात. मग हात पक्ष्याच्या पंजासारखा आकसून कायमचा अधू होतो. रिचर्ड फॉन फोल्कमान या जर्मन शल्यविशारदानं १८८१ मध्ये याचं वर्णन केलं तेव्हा त्यानं दोष दिला तो आवळून बांधलेल्या पट्ट्यांनाच. म्हणून हे लक्षात ठेवा: पट्टी कोणीही बांधलेली असो, अगदी मोठ्या रुग्णालयातलं प्लास्टर असो, बांधल्यानंतर दुखणं कमी होण्याऐवजी वाढतच गेलं, गोळीनं दबेना, आणि बोट हळूच सरळ केलं तरी कळ मस्तकात गेली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी पट्टी सैल करून घ्यायची. सकाळपर्यंत थांबायचं नाही.

कुठे जायचं

या बाबतीत पनवेलकर तसे नशीबवान आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, जुना पुणे रस्ता आणि गोव्याचा महामार्ग इथेच एकत्र येतात, त्यामुळे मोडलेली हाडं इथल्या डॉक्टरांना रोजची आहेत. शहरात शासनाचं उपजिल्हा रुग्णालय आहे, कामोठ्याला एमजीएमचं वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे, जुन्या-नव्या पनवेलात आणि खांदा कॉलनीत हाडांचे खासगी दवाखाने आहेत. फारच गुंतागुंत असेल तर मुंबईतली केईएम, जेजे, शीवचं लोकमान्य टिळक ही सार्वजनिक रुग्णालयं हार्बर लाइननं गाठता येतात. नेरे, आपटा, तारा अशा गावांतून येणाऱ्यांनी मात्र निघण्याआधी एक फोन करून विचारावं की हाडांचे डॉक्टर आत्ता आहेत का, एक्स-रे चालू आहे का. रात्री दोन दवाखाने फिरणं मोडलेल्या पायाला परवडत नाही.

ऑपरेशनसाठी दवाखाना निवडताना दिवाणखान्यासारखी खोली बघू नका. शस्त्रक्रियागृहात सी-आर्म म्हणजे ऑपरेशन चालू असताना हाड पडद्यावर दाखवणारं यंत्र आहे का, भूलतज्ज्ञ कोण येणार, आणि रुग्णाला हृदयाचा, दम्याचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे का, एवढं विचारा.

"ऑपरेशन करावं लागेल" याचा अर्थ

हाताच्या तळव्यावर पडून मनगट मोडणं हा प्रकार इतका जुना आणि ठरावीक आहे की डब्लिनच्या एब्रहम कोलिस यांनी १८१४ मध्ये, म्हणजे एक्स-रेचा शोध लागण्याच्या ८१ वर्षं आधी, केवळ हातानं चाचपून त्याचं वर्णन लिहिलं. त्या काळी अशी सगळी मनगटं ऑपरेशनविना जुळत. आजही पुष्कळ जुळतात. ऑपरेशन लागतं ते हाड जागेवरून सरकलं आणि बसवूनही टिकत नसेल तर, मोड सांध्याच्या गुळगुळीत पृष्ठभागात शिरून तिथे पायरी पडली असेल तर, मोठ्या माणसाच्या कोपराखालची दोन्ही हाडं मोडली असतील तर, गुडघ्याची वाटी दुभंगून तुकडे दूर गेले असतील तर, आणि खुब्याच्या बहुतेक सगळ्या मोडींत. लहान मुलांचं गणित वेगळं असतं. त्यांचं हाड वाढता वाढता बराचसा बाक स्वतःच सरळ करतं, म्हणून मोठ्यांचा एक्स-रे पाहून जे ऑपरेशन सुचेल ते मुलाला लागेलच असं नाही. मात्र वाढीच्या थरातून मोड गेली असेल तर मुलांनाही तातडी असते.

डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न असा: "ऑपरेशन केलं नाही तर काय होईल?" दुसरा: "जास्तीत जास्त कोणत्या तारखेपर्यंत थांबता येईल?" हे प्रश्न विचारल्यानं चांगला डॉक्टर दुखावत नाही. तो एक्स-रेवर बोट ठेवून दाखवतो. दोन बाजूंनी काढलेले एक्स-रे हवेतच, एका बाजूच्या फोटोत सरळ दिसणारं हाड दुसऱ्या बाजूनं पूर्ण मागे सरकलेलं असू शकतं. सांध्यातली मोड असेल तर सीटी स्कॅन का सांगितला, हेही तेव्हाच समजून घ्या.

आता मुदतीबद्दल. खुब्याला थांबू नये. म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की छातीत कफ, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गाठी, भ्रम असं एकेक सुरू होतं. म्हणून शक्यतो पहिल्या दीड-दोन दिवसांत ऑपरेशन करून दुसऱ्या दिवशी उभं करायचं, हा जगभरचा प्रघात आहे. "वय झालंय, आता कशाला चिरफाड" हे मी प्रेमानं म्हटलेलं ऐकलं आहे. पण खुब्याचं ऑपरेशन मुख्यतः दुखणं थांबावं आणि माणूस कुशीवर वळू शकावा म्हणून असतं. नव्वदीतल्या माणसालाही तो आराम मिळायला हवा.

घोट्याचं उलट आहे. तिथे कातडी हाडाला चिकटलेली. सूज भरली, फोड आले, तर डॉक्टर मुद्दाम आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडे पाय उंच ठेवून थांबतात आणि कातडीवर पुन्हा सुरकुत्या दिसल्या की मगच चीर देतात. नातेवाइकांना वाटतं की दुर्लक्ष होतंय आणि ते दुसरीकडे हलवतात. ते थांबणं उपचारच आहे. मनगटाला साधारण दोन आठवड्यांची मुभा असते. तीन आठवड्यांनंतर नवं हाड धरू लागतं आणि काम अवघड होतं. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला एवढा वेळ पुरेसा आहे. त्यासाठी रुग्णाला हलवावंही लागत नाही. दोन्ही एक्स-रे उजेडावर धरून नीट फोटो काढा, किंवा सीडी मागून घ्या, आणि घेऊन जा.

तिसरा प्रश्न पैशाशी जोडलेला आहे: "तारा, पट्टी की सळई, आणि का?" सरकलेल्या मनगटासाठी दोन पद्धती आहेत. कातडीतून बारीक तारा घालून वर प्लास्टर, किंवा चीर देऊन स्क्रूंनी बसवलेली धातूची लॉकिंग पट्टी. पट्टीचा खर्च बराच जास्त. ब्रिटनमध्ये ४६१ प्रौढ रुग्णांवर या दोन पद्धतींची तुलना झाली, तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. ज्यांचं हाड न चिरता जागेवर बसवता येत होतं, अशा रुग्णांत वर्षभरानंतर हाताच्या कामात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. त्याच संशोधकांनी पुढे ५०० रुग्णांवर तारा आणि नुसतं प्लास्टर यांची तुलना केली. ती २०२२ मध्ये छापून आली. वर्षानंतर फरक नव्हता, पण प्लास्टरवाल्यांपैकी साधारण आठातल्या एकाचं हाड पहिल्या सहा आठवड्यांत पुन्हा सरकलं आणि ऑपरेशन करावंच लागलं. याचा अर्थ पट्टी निरुपयोगी असा नाही. सांध्यात शिरलेल्या, तळहाताच्या बाजूला घसरलेल्या किंवा बारीक तुकडे झालेल्या मोडीला ती लागते, आणि पट्टी बसवली की मनगट लवकर हलवता येतं, हे ज्याचं पोट हातावर आहे त्याला मोलाचं असतं. अर्थ एवढाच की "स्वस्तातलं केलं तर हात वाया जाईल" या भीतीनं कर्ज काढू नका, आधी कारण विचारा. स्टील की टायटॅनियम याबाबतही तेच. बहुतेक मोडींत दोन्ही चालतं.

पैशांची तजवीज

राज्याची आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावानं सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. आज ती महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना म्हणून, आयुष्मान भारतच्या जोडीनं चालते, आणि २०२४ पासून तिची मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपये आहे. केवळ पिवळ्या-केशरी कार्डापुरती ती आता राहिलेली नाही. तरी पांढरं रेशनकार्ड असलेली अनेक कुटुंबं अजून विचारतसुद्धा नाहीत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. भरती होण्याआधी, डिपॉझिट भरण्याआधी त्याच्याकडे जा. रेशनकार्ड आणि आधार जवळ असू द्या. त्याला नेमकं विचारा: हे रुग्णालय योजनेत हाडांच्या विभागासाठी आहे का, ही मोड कोणत्या पॅकेजात बसते, काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयासाठी राखीव असतात त्यात ही आहे का, आणि आत बसवायचं साहित्य पॅकेजात धरलंय का. योजनेचा मदत क्रमांक १५५३८८. एकदा रोख भरून ऑपरेशन झालं की मागाहून योजना लावून घेणं फार कठीण जातं.

तळोज्याच्या किंवा इतर कारखान्यांत काम करणाऱ्यांनी राज्य कामगार विमा विसरू नये. पगारातून तो कापला जातो आणि गरज पडते तेव्हा आठवत नाही. कामावर जाता-येता झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, कामावरचा अपघात धरला जातो आणि उपचारांबरोबर बुडालेल्या पगाराची भरपाई मिळते. कंपनीला लगेच लेखी कळवा. मोटार वाहनामुळे रस्त्यावर अपघात झाला असेल तर मे २०२५ पासून केंद्राची योजना लागू आहे. नेमून दिलेल्या रुग्णालयांत पहिल्या सात दिवसांसाठी माणशी दीड लाख रुपयांपर्यंत रोकडविरहित उपचार मिळतात. त्यासाठी अपघाताची पोलिसांत नोंद हवी. उचलून आणणाऱ्या शेजाऱ्यानं त्या नोंदीला घाबरू नये. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून मोटार वाहन कायद्यातच तरतूद आहे, त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

धर्मादाय विश्वस्त संस्थांच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. हे उच्च न्यायालयाच्या आदेशानं २००६ पासून चालू आहे. दर्शनी भागात तसा फलक असतो. उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा, काउंटरवर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

मेडिक्लेम असेल तर पॉलिसी नवी असली तरी बिचकू नका. पहिल्या ३० दिवसांची अट अपघाताला लागू नसते. सांधा बदलण्यासाठी दोन-तीन वर्षं थांबण्याची अटही अपघातामुळे सांधा बदलावा लागला तर सहसा आड येत नाही. विमा नियामकानं २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे की रोकडविरहित उपचारांच्या मागणीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा. संध्याकाळपर्यंत ताटकळत ठेवलं तर हा नियम दाखवा. दोन ठिकाणी लोक फसतात. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असेल आणि तुम्ही वरच्या दर्जाची खोली घेतली, तर फक्त भाड्यातच नव्हे, डॉक्टरांच्या फीसकट बिलाच्या बऱ्याच भागात त्या प्रमाणात कपात होते. आणि हातमोजे, कुबड्या, वॉकर, पट्टे यांचे पैसे बहुतेक पॉलिसी देत नाहीत.

कोणत्याही मार्गानं जा, अंदाजपत्रक लेखी मागा आणि त्यात शस्त्रक्रियेची फी, भूल, खोली आणि आत बसवायचं साहित्य वेगवेगळं लिहून घ्या. पट्टी-स्क्रूच्या वेष्टनावरचे स्टिकर केसपेपरवर चिकटवतात, त्यांचा फोटो काढून ठेवा. बिल पडताळायला, विम्याला आणि दहा वर्षांनी एमआरआय करायची वेळ आली तर आत काय आहे हे सांगायला तो उपयोगी पडतो.

भूल देण्याआधी

सगळी औषधं, रिकाम्या पाकिटांसह, एका पिशवीत घालून भूलतज्ज्ञांना दाखवा. मधुमेहाची, रक्तदाबाची, रक्त पातळ करण्याची, झोपेची. कोणतीही गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. आयुर्वेदिक औषधंही सांगा. पनवेलात तर धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना १८७२ पासून उभा आहे, हाड मोडलं की लाक्षादी गुग्गुळ ही इथल्या जुन्या घरांतली पद्धत. ते घेताय हे लपवण्यात काही अर्थ नाही, रक्तस्राव आणि भूल यांचा विचार करताना डॉक्टरांना ते माहीत असावं लागतं. तंबाखू, मिश्री, दारू यांबद्दलही खरं बोला. कवळी काढा. नखांचा रंग पुसा, कारण बोटाला लावायच्या चिमट्यावर प्राणवायूचं प्रमाण वाचताना तो आड येतो. कोणता हात, कोणता पाय, यावर डॉक्टरांनी पेनानं खूण केल्याशिवाय आत जाऊ नका. संमतीपत्र मराठीत मागा आणि वाचा. हाताला बहुतेक वेळा खांद्यापासून हात बधिर करून, पायाला कमरेतून भूल देऊन काम होतं. पूर्ण झोपवतीलच असं नाही, हे आधी कळलं की आत गेल्यावर घाबरायला होत नाही.

घरी आल्यावर

शस्त्रक्रिया तासाभराची असते. हात चालेल की नाही हे पुढच्या सहा आठवड्यांत ठरतं, आणि इथे घरचे लोक नेमके ढिले पडतात. दुखतंय म्हणून रुग्ण बोटं हलवत नाही, आणि "असू दे, आराम कर" म्हणून घरचे त्याला साथ देतात. मनगट जुळतं पण मूठ वळत नाही, वेणी घालायला हात वर जात नाही. प्लास्टरमध्ये असतानासुद्धा मोकळी असलेली सगळी बोटं पूर्ण मिटायची, पूर्ण उघडायची, कोपर आणि खांदा फिरवायचा, आणि हे दिवसातून पाच-सहा वेळा. पहिले काही दिवस हात छातीच्या वर, उशांवर ठेवायचा. नुसता झोळीत लोंबकळत ठेवला तर सूज उतरत नाही. फिजिओथेरपिस्टकडे जाणं परवडत नसेल तर दोनदा जाऊन व्यायाम शिकून या, मोबाइलवर चित्रण करून घ्या आणि घरी करा.

पायाचं ऑपरेशन असेल तर डिस्चार्जच्या आधी घराचा विचार करा. नव्या पनवेलात सिडकोनं बांधलेल्या कितीतरी इमारती तीन-चार मजली आहेत आणि त्यांना लिफ्ट नाही. पाय टेकवायचा नाही अशा माणसाला तिसऱ्या मजल्यावर खुर्चीतून उचलून न्यायचं, आणि टाके काढायला पुन्हा खाली आणायचं, हे वाटतं तितकं सोपं नसतं. सहा आठवडे तळमजल्यावरच्या नातेवाइकाकडे राहता येईल का, हे आधीच विचारून ठेवा. त्यात संकोच नको. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची भाड्यानं मिळते. आणि डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या: पाय अजिबात टेकवायचा नाही, की नुसता टेकवायचा, की भार द्यायचा, आणि केव्हापासून. "हळूहळू चाला" या सांगण्याचा प्रत्येक जण वेगळा अर्थ लावतो.

प्लास्टर पावसात भिजू देऊ नका, आणि आत खाज आली म्हणून विणायची सुई किंवा पट्टी घालू नका, आत जखम होऊन चिघळते. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात. त्याआधी किंवा नंतर जखम लाल होऊन गरम लागली, पाणी वा पू आला, ताप भरला, तर तारखेची वाट बघू नका. पोटरी सुजून दुखू लागली तर त्याच दिवशी दाखवा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट १०८. मनगटातल्या तारा चार-सहा आठवड्यांनी बाह्यरुग्ण विभागातच काढतात. पट्टी मात्र त्रास देत नसेल तर आतच राहू द्यायची, ती काढण्यासाठी दुसरं ऑपरेशन करण्याची सक्ती नसते. मनगट सहा आठवड्यांत धरतं, मांडी आणि नडगीच्या हाडाला तीन-चार महिने किंवा जास्तही लागतात. गणपती तोंडावर आले म्हणून ती मुदत कमी होत नाही, हे घरातल्या बाईला नुसतं सांगून चालणार नाही, त्या दिवसांतलं काम दुसऱ्या कोणीतरी अंगावर घ्यावं लागेल.

खाण्याबद्दल प्रत्येक भेटायला येणारा सल्ला देतो, आणि पायाचं सूप हटकून सुचवतो. ते गरमागरम बरं वाटतं, पण त्यात कॅल्शियम फार थोडं उतरतं. त्यापेक्षा आपल्याकडची नाचणी श्रीमंत आहे, १०० ग्रॅममध्ये सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम. तीळ त्याहून पुढे. सालासकट खाल्ला जाणारा सुका जवळा आणि काट्यांसकट खाल्ली जाणारी बारीक मासळी आगरी-कोळी घरांत असतेच; रक्तदाब असेल तर मीठ धुऊन काढा. डाळी, अंडी, दूध हवंच, कारण हाडाला प्रथिनंही तितकीच लागतात. आणि मिश्री सोडा. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आकसतं आणि हाड जुळायला उशीर करतं, मग ते विडीतून येवो, गुटख्यातून येवो की दातांना लावलेल्या मिश्रीतून. बायका मिश्रीला व्यसनात धरत नाहीत, त्यामुळे डॉक्टरांनी विचारलं तर "नाही" म्हणतात. मुलीनं किंवा सुनेनं ते सांगावं.

एक तपासणी बहुतेक घरांत राहून जाते. पन्नाशी ओलांडलेलं माणूस उभ्या उंचीवरून, चालता चालता पडलं आणि हाड मोडलं, तर दोष एकट्या ओल्या फरशीचा नसतो. हाड आतून विरळ झालेलं असण्याची शक्यता मोठी, पाळी गेलेल्या स्त्रियांत तर फारच. आज मनगट मोडलेल्या बाईला पुढे मणका किंवा खुबा मोडण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. पट्टी बसवून डॉक्टरांचं काम झालं असं घरच्यांना वाटतं, आणि विरळ हाडांवरचा उपचार कोणी सुरूच करत नाही. त्यावर आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या आहेत, वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन आहे, आणि नुसत्या कॅल्शियमच्या गोळीनं त्यांची जागा भरून निघत नाही. टाके काढायला जाल तेव्हा हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करायची का, हे स्वतःहून विचारा. त्याच भेटीत रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्यांनी तोल जातोय का तेही पाहून घ्या, चष्म्याचा नंबर तपासा. मोरीच्या भिंतीत पकडायला स्टीलचा दांडा बसवून घ्या. टॉवेल अडकवायचा नव्हे, माणसाचा भार पेलणारा, भिंतीत खोल ठोकलेला. रात्री संडासाच्या वाटेवर बारीक दिवा चालू ठेवा, आणि अंगणातल्या पायऱ्यांचं शेवाळ ब्लीचिंग पावडर टाकून घासण्याचं काम आजीकडे राहू देऊ नका.